एका हातानं मिटणारे पंख

माझं माप चुकत नाही. बाकी सगळं चुकतं. भातात पाणी चुकतं, नणंदेच्या वाढदिवसाची तारीख चुकते, आणि चारूला उलटं झबलं घालून मी एकदा अख्खं लग्न जेवून आलेय. पण लाकडावर पेन्सिलीनं रेघ मारली की ती रेघ म्हणजे रेघ. शिंदखेड्याच्या निंबा मिस्त्रींची मुलगी आहे मी. बाकीच्या मुली बाहुल्या खेळत होत्या तेव्हा मी आबांचा गुण्या घेऊन घरातले काटकोन तपासत हिंडायचे. (आमच्या घरात एकही नव्हता.)

आबांचे गुडघे थकले तेव्हा त्यांनी आपलं मायटर मशीन टेम्पोत घालून पारोळ्याला माझ्या घरी पाठवून दिलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. वर गोल पातं असतं. मूठ धरून खाली दाबलं की ते लाकूड पाहिजे त्या कोनात कापून देतं, पिकलं केळं कापावं इतक्या सहज. खाली घडीचा लोखंडी स्टँड, त्याला दोन चाकं.

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, ते अंगणात उतरताना पाहिलं.

"हाई काय शे?"

"लाकूड कापायचं मशीन आहे, अक्का. आबांनी पाठवलंय."

"लोकेसन्या सुना शिलाई मशीन लयतस," अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या. पुढे दोन महिने त्या मशीनबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. झाडताना मात्र त्याच्याभोवती असा वळसा घालायच्या, जणू तिथे कुणी परका माणूस उकिडवा बसलाय.

आणि मग मला पहिली ऑर्डर मिळाली. म्हणजे, मिळता मिळता राहिली होती.

विहाराजवळ मुलांची अभ्यासिका आहे. ती द्रौपदाबाई चालवतात. द्रौपदाबाई निवृत्त नर्स. निम्म्या पारोळ्याला त्यांनी सुया टोचल्यात, त्यामुळे त्या रस्त्यानं निघाल्या की चाळिशीतले बाप्येसुद्धा नकळत दंड चोळतात. त्यांना अभ्यासिकेसाठी सहा बाक हवे होते, सात-सात फुटी.

"आखाजीचा सण झाला की पुढच्या रविवारी येते," त्या म्हणाल्या. "एक बाक माझ्यासमोर काप. सरळ निघाला तर सहाही तुझे. नाही तर मी धुळ्याहून प्लास्टिकच्या खुर्च्या आणते."

मी आबांना फोन केला. त्यांनी दहा मिनिटांत निम्म्या शिंदखेड्याला सांगून टाकलं की माझी पोरगी आता मिस्त्री झाली. आता मागे फिरायची सोय नव्हती.

अडचण एकच होती. फळी आठ फुटी आणि स्टँड अडीच फुटी. कापायला ठेवली की फळीचं मोकळं टोक खाली मान टाकायचं. हितेंद्र, म्हणजे आमचे हे, नरडाण्याच्या कंपनीत असतात, सुट्टी फक्त रविवारची. एका रविवारी त्यांना म्हटलं, टोक धरून उभे राहा. राहिले. पातं खाली आलं, भुसा उडाला, हितेंद्र शिंकले. त्या फळीच्या टोकाकडे पाहिलं की माणसाची मान अजूनही आपोआप तिरकी होते.

"शिंक काय सांगून येते का?" ते म्हणाले.

"म्हणून मला न शिंकणारं काहीतरी पाहिजे," मी म्हटलं, आणि मशीनला पंख करायचं ठरवलं.

पंख म्हणजे मशीनच्या दोन्ही बाजूंना प्लायच्या दोन लांब फळ्या. मशीनच्या पाटाशी अगदी एका पातळीत, म्हणजे लाकूड कितीही लांब असलं तरी आडवं, निवांत पडून राहील. काम झालं की बिजागरीवर खाली मिटायच्या आणि स्टँड भिंतीशी लावून ठेवायचा. बाजारात तसले पंख मिळतात म्हणे, पण मिस्त्रींच्या मुलीनं विकत आणायचे?

माझं काम तासांत मोजता येत नाही, चारूच्या झोपांत मोजावं लागतं. चारू दीड वर्षाची. दोन पंखांना मी सहा झोपा धरल्या होत्या. लागल्या एकवीस. त्यातल्या चार तर तिच्या येऊ घातलेल्या दाढांनीच खाल्ल्या. एकदा मी स्क्रू पिळतेय, ती पाळण्यात चुळबुळतेय, म्हणून पायाच्या अंगठ्यात पाळण्याची दोरी धरून मी अख्खी बिजागरी बसवली. स्क्रू अंगाईच्या तालावर गेले आणि एकही वाकडा गेला नाही.

पण माझी खरी करामत होती मिटण्याची. प्रत्येक पंखाखाली एक तिरका टेकू. दोन्ही टेकूंना बांधलेली एकच दोरी, आणि दोरीच्या टोकाला पुढच्या बाजूला लाल मूठ. मूठ ओढली की दोन्ही टेकू सुटतात आणि दोन्ही पंख एकदम खाली.

"एकदम कशाला मिटायला पाहिजेत?" हितेंद्रनी विचारलं. "एक-एक करून मिट ना."

"माझा दुसरा हात कधी रिकामा असतो?"

त्यांनी माझ्या कडेवरच्या चारूकडे पाहिलं आणि दोरीचं टोक धरून दिलं. मूठ मी बरोब्बर कमरेच्या उंचीवर लावली, म्हणजे कडेवर लेकरू असताना वाकावं लागायला नको. इतकी हलकी केली की करंगळीनंही ओढता यावी. शुक्रवारी संध्याकाळी पाण्याची नळी लावून पातळी तपासली. एका सुताचाही फरक नाही. मी मशीन अंगणात पंख पसरून ठेवलं, मागे सरकून पाहिलं, पुन्हा पुढे जाऊन पाहिलं. बाळंत झाल्यावर सुद्धा मी इतकं टक लावून कुणाकडे पाहिलं नव्हतं. (चारू मोठी झाल्यावर हे वाक्य तिला वाचू देणार नाही.)

शनिवारी फळ्या कापून सराव करायचा, रविवारी द्रौपदाबाईंसमोर झोकात बाक कापायचा, असा बेत.

रात्रभर दाढांनी जागवल्यामुळे शनिवारी मला सात वाजता जाग आली. अंगणात बायकांचा कालवा ऐकू आला. बाहेर आले आणि दारातच थांबले.

माझ्या दोन्ही पंखांवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला होता आणि त्यावर ओळीनं बिबडे वाळत पडले होते. ज्वारीचे पापड, तीळ-मिरची घातलेले, बशीएवढे गोल. मधल्या मशीनवर चादर टाकून त्यावर पाण्याचा तांब्या आणि मिठाचा डबा. गल्लीतल्या चार बायका ओल्या फडक्यावर बिबडे थापत होत्या आणि अक्का ते फडकं माझ्या पंखावर उलटं करून हलक्या हातानं सोडवत होत्या.

"अक्का, हे…"

"ऊठनी का माय? ये, देख." अक्कांचा चेहरा ज्वारीच्या शिजत्या घाट्याच्या वाफेनं आणि कौतुकानं लाल झाला होता. "कितलं सपाट शे! खाटवर बिबडा पोक काढस. इठे एक बी वाकडा नही." मग बायकांकडे वळून म्हणाल्या, "मन्ही सूननी करेल शे."

मन्ही सून. दोन महिन्यांत मशीनच्या अवतीभवती मी हे दोन शब्द पहिल्यांदाच ऐकत होते.

"वहिनी, पातळी कशी काय इतकी धरली?" शेजारच्या सारिकानं विचारलं.

"पाण्याच्या नळीनं," मी म्हटलं. अक्का मान डोलावत होत्या, जणू नळी त्यांनीच धरली होती.

आता सांगा, अशा वेळी कुठली सून म्हणेल की उचला तुमचे बिबडे? मी एवढंच विचारलं, "कधी वाळतील?"

"उद्या दुपारलोंग."

"द्रौपदाबाई उद्या दहाला येणारेत."

"येऊ दे. च्या करू." अक्कांच्या लेखी तो प्रश्न तिथेच मिटला. चाळीस बिबडे होते. बारा धुळ्याच्या नणंदेचे, बारा जळगावच्या दिरांचे, उरलेले घरचे. मी मनात हिशोब मांडला. सकाळी नऊला बिबडे अलगद ताटांत काढायचे, साडेनऊला पुसून घ्यायचं, दहाला मिस्त्री.

रविवारी द्रौपदाबाई आठ वाजता आल्या.

"ऊन व्हायच्या आत उरकू म्हटलं," त्या म्हणाल्या आणि उजव्या पंखाजवळच्या खुर्चीत बसल्या. चष्मा सारखा करून त्यांनी पंखांकडे पाहिलं. "बाक कापायचं मशीन ते हेच?"

"हाई बिबडासनं टेबल शे," अक्का अभिमानानं म्हणाल्या.

"टेबल नाही, मावशी, पंख आहेत," मी घाईनं म्हटलं. चारू माझ्या कडेवर होती. "यावर फळी ठेवायची. बिबडे आत्ता काढते मी, दोन मिनिटांत."

"यावर फळी राहील? मला तर हे आत्ताच पडेलसं वाटतंय."

माझ्या कामाला कुणी डळमळीत म्हटलं की मला राहवत नाही. "पडेल कसं, मावशी? खाली टेकू आहेत. ही मूठ आहे ना, ही ओढल्याशिवाय…"

मूठ दाखवायला मी दोन पावलं पुढे गेले. मूठ कमरेच्या उंचीवर होती. चारूसुद्धा कमरेच्याच उंचीवर होती. एकवीस झोपांत मी सगळं मोजलं होतं. एवढं एकच मोजायचं राहिलं होतं.

चार दिवस कडेवरून आईला ती लाल मूठ ओढताना बघणाऱ्या लेकरानं शांतपणे हात पुढे केला आणि ओढली.

करामत अशी चोख चालली, की एरवी मी नाचले असते. दोन्ही पंख एकदम, एकाच आवाजात, खाली. प्लास्टिकवर बिबडे काय थांबतात! डावीकडचे वीस मातीत गेले. उजवीकडचे वीस द्रौपदाबाईंकडे गेले. मांडीभर बिबडे, पदरावर बिबडे, एक डाव्या खांद्यावर, फौजदाराच्या फितीसारखा.

हितेंद्र चहाचा ट्रे घेऊन दारात आले आणि तसेच उभे राहिले. मी अक्कांकडे बघायचं टाळत होते. तीन दिवस भिजवलेली ज्वारी, पहाटेचा घाटा, चार बायकांचे हात. आणि हो, सहा बाक. माझ्या डोळ्यांसमोर धुळ्याहून प्लास्टिकच्या खुर्च्यांची गाडी निघालेली दिसत होती.

"अक्का," मी कसंबसं म्हटलं, "माझं चुकलं."

"आंधी पोरना हात देख," अक्का म्हणाल्या. "बोट त नही ना सापडनं?"

द्रौपदाबाईंनी बसल्या जागेवरूनच चारूचा हात पुढे घेतला, एकेक बोट दाबून पाहिलं. "काही नाही. पोरगी खणखणीत आहे." मग त्या उठायला लागल्या.

"उठू नका!" अक्का ओरडल्या. निवृत्त नर्सवर ओरडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. "हालू नका, बाई. मांडीवरना बठ्ठा चांगला शेत. माती लागेल नही."

त्या एकेक बिबडा हलक्या हातानं सोडवू लागल्या. अर्धे ओले बिबडे, घाई केली तर फाटतात. द्रौपदाबाई गुडघे जुळवून, श्वास रोखून बसल्या. जायची त्यांना सोय नव्हती.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे पंख रिकामे आहेत.

"अहो, चारूला घ्या," मी हितेंद्रना म्हटलं.

"भुसा उडी," अक्कांनी मान वर न करता बजावलं. मग हितेंद्रनी चारूला पाळण्यात ठेवलं, एका बाजूनं ते, एका बाजूनं अक्का, अशी दोघांनी द्रौपदाबाईंना खुर्चीसकट उचलून अंगणाच्या पार टोकाला नेलं. मतमोजणीत निवडून आलेल्या उमेदवारासारख्या त्या गेल्या, फक्त हात हलवायची परवानगी नव्हती.

मी पंख उघडले. टेकू लावले, मूठ काढून खिशात ठेवली. आठ फुटी फळी आडवी ठेवली. तिचं टोक हललंसुद्धा नाही. चष्मा लावला, रेघ मारली, पातं खाली घेतलं. मग चार पाय, एकामागून एक. पंधरा मिनिटांत सगळं कापून मी चारही पाय द्रौपदाबाईंपुढे ओळीनं उभे केले. एव्हाना त्यांचा उजवा हात मोकळा झाला होता. त्यांनी चारही टोकांवरून तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. मग खांद्यावरचा बिबडा काढून त्याचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

मी वाट बघत होते.

"मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. थोडं चावून झाल्यावर म्हणाल्या, "बाक सहाही तूच कर."

मी आबांना फोन करायला आत पळणार, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. "थांब. एक अजून. माझ्या गच्चीवर बिबड्यांना असं एक करून देशील? एवढं सपाट मी कुठे पाहिलं नाही."

"माले बी," कुंपणापलीकडून सारिका म्हणाली. ती केव्हापासून तिथे उभी होती कोण जाणे. तिच्या मागून आणखी दोन आवाज आले. अक्कांनी तिथल्या तिथे माझ्या वतीनं सगळ्यांना हो म्हणून टाकलं, आणि पहिलं धुळ्याला नणंदेला जाईल हेही ठरवलं. त्यांच्या वीस बिबड्यांचं दुःख निम्मं झालेलं दिसत होतं.

"पण मिटायला नको हां," द्रौपदाबाई म्हणाल्या. सगळ्या बायकांनी एकदम माना हलवल्या.

हितेंद्र कागद-पेन्सिल घेऊन बसले. "पाच नग. लिहून घेतो. टेकू?"

"सुटणारे नकोत," मी म्हटलं.

"बिजागऱ्या?"

"नकोत."

"दोरी, मूठ?"

"अजिबात नको."

"मध्ये मशीनसाठी जागा?"

"मशीन कशाला लागतंय त्यांना?"

हितेंद्रनी पेन्सिल कानावर ठेवली. "रूपाली, म्हणजे चार पाय आणि वर फळी. याला टेबल म्हणतात."

मी त्यांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. टेबल सपाट असतं हे कुणाला तरी आधी शोधून काढावंच लागलं असेल.