साठाव्या मिनिटाचं इतिवृत्त

कोणत्याही संस्थेची थोरवी तिच्या माजी पदाधिकाऱ्यांवरून ठरते, असं मी बारा वर्षांच्या चिटणीसपदाच्या अनुभवावरून नम्रपणे नमूद करतो. चालू पदाधिकारी काय, कोणाकडेही असतात. ते पावत्या फाडतात, सतरंज्या घालतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण माणूस एकदा माजी झाला की त्याच्याविषयी बोलायला लोक जेवणाचं ताट बाजूला सारून येतात. या दृष्टीने घाटकोपर पश्चिमेचं आमचं श्री सातेरी प्रासादिक भजन व फुटबॉल मंडळ हे अत्यंत प्रगत मंडळ समजलं पाहिजे. आमच्याकडे माजी व्यवस्थापक एकच आहे, पण तो आम्हाला तीन वर्षं पुरला.

भजन आणि फुटबॉल एकत्र कसे, असं बाहेरचे लोक विचारतात. आमची चाळ सगळी कोकणातली, बहुतेक गिरणीवाल्यांची. १९६४ साली पखवाज आणायला गेलेली मंडळी मनासारखा पखवाज न मिळाल्यामुळे फुटबॉल घेऊन आली. (दोन्ही वस्तू चामड्याच्याच असल्याने हरकत नसावी, असा तेव्हाच्या अध्यक्षांचा खुलासा दप्तरात आहे.) तेव्हापासून गुरुवारी भजन आणि रविवारी फुटबॉल, असा क्रम चालू आहे.

या संघाचे व्यवस्थापक श्री. कुंडलिक गावडे. गिरणीत साचे, म्हणजे माग, सांभाळायचे आणि रविवारी आम्हाला. संपात गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्याकडे संघ तेवढा उरला. रोज सकाळी गळ्यात शिट्टी अडकवून टेकडीखालच्या मैदानावर जायचे आणि अकरा जणांना उतारावर पळवायचे. मैदान उताराचं आहे. वरच्या गोलाकडे मारलेला बॉल विचार करून परत येतो.

आता मुख्य घटना. दिनांक २५ जून १९८३, शनिवार. पूर्व उपनगर पावसाळी शील्डचा अंतिम सामना, आमच्याच मैदानावर, माहुलच्या कोळ्यांच्या संघाविरुद्ध. साठाव्या मिनिटाला आम्ही दोन शून्यने पुढे होतो. दोन्ही गोल सहदेव परब या आमच्या चोवीस वर्षांच्या वाघाने मारलेले. आणि त्याच साठाव्या मिनिटाला गावडे यांनी सहदेवला बाहेर काढलं आणि त्याच्या जागी धोंडू गुरव याला घातलं. त्यानंतरच्या अर्ध्या तासात माहुलने तीन गोल केले. आमची वाट लागली.

गावडे यांनी असं का केलं? त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माझी चूक झाली." हे उत्तर मंडळाला पटलं नाही. एवढ्या मोठ्या चुकीला एवढंसं उत्तर पुरत नाही. त्यांची शिट्टी काढून घेऊन कपाटात ठेवण्यात आली, किल्ली अध्यक्ष श्री. नंदकुमार राणे यांनी कमरेला लावली, आणि मंडळाने स्वतःच उत्तर शोधायला घेतलं.

ते लवकरच सापडलं. मंडळाच्या खोलीत गावाहून आणलेली सातेरीदेवी आहे. अडचणीच्या वेळी देवीच्या डाव्या-उजव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. याला कौल म्हणतात. कौल लावण्याचा मान धोंडू गुरवाच्या घराण्याकडे. मैदानात कोण आला? धोंडू गुरव. म्हणजे मध्यंतराला कौल लावला असणार आणि देवीने सहदेवला नको म्हटलं असणार. इतकं सरळ आहे. धोंडूला विचारलं तर तो नुसता खाली बघायचा, आणि गुरव खाली बघतो तेव्हा गोष्ट खरीच असते.

इथून मंडळात दोन पक्ष पडले. गावडेवाद्यांचं म्हणणं, देवीचा शब्द पाळणाऱ्या माणसाला तुम्ही घरी बसवलंत, म्हणून तेव्हापासून आपण एकही शील्ड जिंकलो नाही. परबवाद्यांचं म्हणणं, देवीला ऑफसाइड कळतं का? या पक्षाचं नेतृत्व स्वतः सहदेवकडे आलं. अन्याय झालेला माणूस म्हणून त्याला चाळीत इतका मान मिळू लागला, की फुटबॉल खेळायला त्याला वेळ राहिला नाही. मानामुळे त्याला पोटही सुटलं.

चर्चा रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ. शिस्त राहावी म्हणून मी दरवाजाशी एक मतनोंद वही ठेवली. त्यात चार रकाने: नाव, खोली क्रमांक, मत, आणि 'सामना प्रत्यक्ष पाहिला काय?'. आजवर दोनशे चौदा सभासदांनी वहीत मत नोंदवलं असून शेवटच्या रकान्यात दोनशे चौदा जणांनी 'होय' लिहिलं आहे. त्याच दिवशी क्रिकेटच्या वर्ल्डकपची फायनल अध्यक्षांच्या खोलीत, चाळीतल्या एकमेव रंगीत टीव्हीवर चालू होती आणि तिथे खोली, गॅलरी व जिना धरून साधारण दोनशे सभासद होते, अशीही नोंद दप्तरात आहे. दोन्ही नोंदी माझ्याच हातच्या असल्याने त्यांच्या खरेपणाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही.

या प्रश्नाने चाळीचं सांस्कृतिक जीवन समृद्ध झालं हे मान्य करावं लागेल. लग्नाच्या बोलणीत मुलाचं शिक्षण, नोकरी आणि साठाव्या मिनिटाविषयीचं मत विचारलं जाऊ लागलं. (सुगंधा तावडेचं ठरलेलं लग्न यावरून मोडलं. मुलगा बँकेत होता, पण गावडेवादी निघाला.) १९८५ च्या गणपतीत आम्ही 'साठावं मिनिट' हा हलता देखावा केला. थर्माकोलचं मैदान, मोटरवर गोल फिरणारा सहदेव आणि दर अर्ध्या मिनिटाने हात वर करणारा गावडे. खुद्द गावडे दर्शनाला रांगेत उभे होते. स्वतःच्या पुतळ्याकडे बघत ते जरा रेंगाळले, तेव्हा स्वयंसेवक त्यांना म्हणाला, "काका, पुढे चला ना, मागे पब्लिक आहे."

नवा व्यवस्थापक मात्र आम्ही नेमला नाही. तोही कधीतरी माजी होणार, आणि दोन माजींना पुरेल एवढा वेळ चाळीत कोणाकडेच नव्हता.

असं सगळं झकास चाललेलं असताना, जुलै १९८६ मध्ये गावडे यांचा अर्ज आला. मेक्सिकोचे सामने टीव्हीवर बघून चाळीतल्या नव्या पोरांनी पुन्हा बॉलला पंप मारला होता, आणि शील्डच्या प्रवेश अर्जावर व्यवस्थापकाची सही लागत होती. गावडे यांनी लिहिलं होतं: 'मला संघ परत द्यावा. शिट्टी द्यावी. कळावे.' इतका त्रोटक अर्ज मी माझ्या कारकिर्दीत पाहिलेला नाही. खरं सांगायचं तर तो वाचून मला वाईट वाटलं. तीन वर्षं हा माणूस गिरणीचा भोंगा नाही तरी पाचला उठतो आणि दाराशी नुसता बसून राहतो, हे मला समोरच्या खोलीतून दिसत होतं. परंतु चिटणीसाला वाईट वाटण्याची तरतूद घटनेत नाही.

रविवार, ३ ऑगस्ट रोजी सर्वसाधारण सभा बोलावली. विषय एकच: श्री. गावडे यांच्या कारकिर्दीचं मूल्यमापन करून त्यांना संघ द्यावा की न द्यावा. गर्दी प्रचंड. फक्त खेळाडू नव्हते, ते मैदानावर होते. पहिले अडीच तास उत्तम चर्चा झाली. मग गावडे उठले, तर अध्यक्ष म्हणाले, "गावडे, खाली बसा. तुमच्याबद्दल चर्चा चाललीय, तुम्ही मध्ये बोलू नका." हे नियमाला धरूनच होतं.

तेवढ्यात त्यांची बायको वनमालावहिनी मागून उभ्या राहिल्या.

"माका बोलूचा आसा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी मैदानावर होतंय, लिंबाच्या फोडी घेवन. तुमच्यातलो एकव माणूस थंय नाय होतो. सगळे टीव्हीफुडे!"

मी लिहिणं थांबवलं.

"ह्यो धोंडू टीव्ही बघीत बसललो, तो मॅच अर्धी झाल्यावर इलो. नि येवन सहदेवाक सांगता काय, तुझो रुमाल उचलल्यानी."

इथे खुलासा आवश्यक आहे. टीव्हीसमोर बसायला जागा धरायची तर आमच्याकडे जमिनीवर रुमाल टाकून जायचा रिवाज आहे. रुमाल आहे तोवर जागा तुमची. सहदेव सकाळी आठलाच टीव्हीपासून दोन हातांवर रुमाल टाकून गेला होता.

"तसो ह्यो ह्यांच्याकडे धावत इलो," वनमालावहिनी सहदेवकडे बोट दाखवून म्हणाल्या. "काकानू, माका सोडा, माझी जागा गेली! हे म्हणाले, अरे अर्धो तास थांब. तर ह्यो रडाक लागलो. भर मैदानात, चोवीस वर्सांचो घोडो!"

"जाव दे गो," गावडे हळूच म्हणाले. "पोराचा हसा झाला असता चाळभर."

तीन वर्षं या माणसाने एका पोराचं रडणं स्वतःच्या चुकीखाली झाकून ठेवलं होतं. आता शिट्टी त्यांच्या गळ्यात पडणार, असं मला वाटलं. परंतु आमच्या सभासदांची वैचारिक उंची मी कमी धरली होती.

अध्यक्षांनी निर्णय दिला की ही माहिती तीन वर्षं उशिरा आल्यामुळे चर्चेत घेता येत नाही. आणि सहदेव, लालबुंद झालेला, उठून ओरडला, "म्हटलं असेल मी, यार! पण मॅनेजरला अक्कल नको? प्लेयर सोडा म्हणाला म्हणून सोडायचं? मग मॅनेजर ठेवलाय कशाला?"

टाळ्या पडल्या. एका क्षणात तिसरा पक्ष जन्माला आला: सहदेवने मागितलं हे खरं, पण गावडे यांनी द्यायला नको होतं. त्यातून चौथा फुटला, ज्याच्या मते दोन गोल मारलेल्या माणसाला टीव्ही बघायचा हक्क आहे. तीन वर्षांत चर्चा एवढी ताजी झाली नव्हती. मागून कोणीतरी विचारलं, "पण रुमाल उचलला कोणी?" या प्रश्नाला फाटे फुटू नयेत म्हणून चिटणीसांनी, म्हणजे मी, ताबडतोब कौल लावण्याची सूचना मांडली.

(रुमाल निळ्या चौकडीचा होता. जागा फारच चांगली होती.)

कौल लागला. उजवी पडली तर गावडे यांना संघ, डावी पडली तर नाही. धोंडूने पाकळ्या चिकटवल्या. सगळे पुढे सरकून बघू लागले. ऑगस्टचा महिना, भिंतींना ओल, देवीलाही ओल. एकही पाकळी हलेना. पाऊण तासाने अध्यक्षांनी जाहीर केलं की पाकळी पडेपर्यंत सभा चालू आहे, असं समजावं. देवीवर लक्ष ठेवायला दोन-दोन तासांच्या पाळ्या लावण्यात आल्या. पंखा बंद ठेवण्यात आला, कारण पंख्याने पडलेला कौल धरत नाहीत.

गावडे थोडा वेळ बसले. मग उठले, चपला घातल्या आणि खाली गेले. जरा वेळाने मैदानावरून शिट्टी ऐकू आली. आमच्यापैकी काहींनी कपाटाकडे पाहिलं, पण शिट्टी आतच होती. दोन बोटं तोंडात घालूनही शिट्टी वाजते, हे मंडळाच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या गोष्टी मला नंतर कळल्या. प्रवेश अर्जावर 'व्यवस्थापकाची सही' एवढंच छापलेलं असतं. ती माजी की आजी, असा रकानाच नाही. गावडे यांनी सही केली. नव्या पोरांना उतारावर पळवलं. संघ एकेक सामना जिंकत गेला. मंडळाला याची कल्पना नव्हती, कारण मंडळातलं कोणी मैदानावर जात नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. अंतिम सामना, पुन्हा माहुलशी, पुन्हा आमच्याच मैदानावर. त्याच वेळी वर तिसऱ्या आणि चौथ्या पक्षांत जाहीर वाद ठेवलेला असल्याने सभासद सामन्याला हजर राहू शकले नाहीत. पाकळ्या वाळून देवीला घट्ट बसल्या होत्या. खालून आरडाओरडा इतका येऊ लागला की भाषणात व्यत्यय येत होता, म्हणून अध्यक्षांनी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या.

पहिल्या रांगेतला सहदेव मात्र त्या आवाजाने चुळबुळ करू लागला. एकदा त्याने खिडकीकडे बघितलं, एकदा देवीकडे. मग खिशातून रुमाल काढून खुर्चीवर टाकला आणि बाहेर गेला. वनमालावहिनी सांगतात, तो थेट रेषेजवळ येऊन उभा राहिला, गावडे यांनी त्याच्याकडे न बघता लिंबाची फोड पुढे केली आणि ती त्याने सालीसकट खाल्ली. आम्ही एक शून्यने जिंकलो. खुर्चीवरचा रुमाल अजून तिथेच आहे. या खेपेस मी हात लावलेला नाही.

कौल अद्याप पडलेला नसल्यामुळे श्री. गावडे दप्तरी माजीच आहेत. चर्चा रोज सात ते साडेनऊ चालू आहे. शील्ड मंडळाच्या खोलीत ठेवलं असून, त्या अंतिम सामन्याबद्दल आठवड्याभरात दोनशे सहा सभासदांनी वहीत मत नोंदवलं आहे.

आपण हे सारं शांतपणे वाचलंत. गावडे यांनी त्या साठाव्या मिनिटाला सहदेवला सोडायला हवं होतं की नको, याविषयी आपलं मत एव्हाना पक्कं झालेलं आहे, हे मला इथूनही दिसतं. वही दरवाजाशीच आहे, पेन दोरीला बांधलेलं आहे. नाव लिहा, खोली क्रमांक नसेल तर पत्ता लिहा, मत लिहा. शेवटच्या रकान्यात फार विचार करू नका. तिथे सगळे 'होय'च लिहितात.