दुर्गाबाईंचा पाव

दुर्गाबाई पौषात गेल्या. घरातून नेमकं काय गेलं, हे हिंदुरावांना कळलं ते माघातल्या एका शनिवारी, फारूकच्या बेकरीत.

"हिंदुरावभाऊ, हा शेवटचा," पाव कागदात गुंडाळत फारूक म्हणाला. "वहिनींचं पीठ संपलं."

दिवाळीला बाया रवा-तूप घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणतात, तशी दुर्गाबाईंची पावाची रीत होती. कंपनीच्या कँटीनमधल्या मैद्याच्या पावाने हिंदुरावांच्या पोटात जळजळ व्हायची. डॉक्टरांनी मैदा बंद केला, तेव्हा बाईंनी फारूकला गाठून घरच्या पिठाचा पाव करून घेतला. काळपट, वजनदार, दाताला किंचित कचकचणारा. सहाच्या शिफ्टला दोन तुकडे चहात बुडवून खाल्ले की एकच्या भोंग्यापर्यंत भूक लागत नसे. जळजळ तर दोन वर्षांत विसरायलाच झाली होती.

पीठच संपलं ना, मग गहू दळून आणू, असं म्हणून हिंदुरावांनी पिंपरीतल्या एका गिरणीतून दळण आणलं. त्या पिठाचा पाव हलकाफुलका निघाला आणि साडेनऊलाच पोट बोलू लागलं. त्यांना वाटलं, आपलंच मन थाऱ्यावर नाही. फारूक म्हणाला, मनाचं माहीत नाही, पण वहिनींचं पीठ हाताला वेगळं लागायचं, त्यात गव्हाबरोबर आणखी बरंच काही असायचं. काय ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

विचारलं हिंदुरावांनीही नव्हतं. सव्वीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, ती पिठात काय घालते हे आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट त्यांना पोटातल्या जळजळीहून जास्त जाचू लागली. पाव पुन्हा मिळो न मिळो, पण ती काय घालायची ते कळायलाच हवं होतं.

फारूकने रिकामी पिशवी उलटी करून झटकली. चमचाभर पीठ निघालं. त्याची पुडी हिंदुरावांनी शेजारच्या सोपानरावांना दिली. सोपानराव एका औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत होते आणि घरचा चहासुद्धा उजेडात धरून बघूनच पीत. त्यांनी दोन दिवस ते पीठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःच हिंदुरावांकडे आले.

"गहू पुष्कळ. शिवाय ज्वारी, बाजरी, नाचणी, हरभरा आणि उडीद. हिंदुराव, हा पाव नव्हे, टॉनिक आहे."

गव्हात जे कमी पडतं ते डाळी भरून काढतात, नाचणीने हाडं बळकट होतात, बाजरीत लोह असतं आणि कोंड्याने पोट साफ राहतं, असं त्यांनी बोटांवर समजावून दिलं. शेवटी म्हणाले, थोडी दगडाची पूडही सापडली आहे.

"ती कशाला?"

सोपानरावांनी जरा विचार केला. "तेही खनिजच," ते म्हणाले.

मग प्रयोग सुरू झाले. पहिल्या खेपेला सहा धान्यं समसमान घेतली. पाव फुगलाच नाही. फारूकने तो फळीवर आपटून पाहिला आणि म्हणाला, "हा कंपनीत घेऊन जा भाऊ. ग्राइंडिंगला चालेल." दुसऱ्या खेपेला उडीद वाढवला, तर पाव बाहेरून करपला आणि आत चिकट राहिला. शेजारच्या कौशल्याबाईंनी छातीठोक सांगितलं की दुर्गा कडधान्यांना मोड आणून मग वाळवायची. तसं केलेल्या तिसऱ्या पावाच्या वासाने फारूकची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. हिंदुरावांनी मात्र तिन्ही पाव नेटाने संपवले. जळजळ परत आली, दोन रजा गेल्या. पोषणात काही कमी नाही, असं सोपानराव सांगत राहिले.

चौथ्या प्रयोगाची धान्यं निवडताना कौशल्याबाईंनी विचारलं, "भावजी, ती दळायला कुठं जायची, तिथं विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. दळण हा बायकांचा प्रांत होता.

गिरणी पिंपळे गुरवला धोंडीबाची होती, हेही कौशल्याबाईंनीच सांगितलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला धोंडीबा चालू गिरणीत धान्य ओतत होता.

"धोंडीबा, आमच्या घरून दळणात काय काय मिसळून यायचं?"

"काय न्हाई. गहू आणायच्या वहिनी."

"आणि?"

"आनि डबा."

हळूहळू उलगडा झाला. या भागात गुरुवारी वीज बंद, म्हणून बुधवारी संध्याकाळी गिरणी साफ व्हायची. आठवडाभर दळलेलं कुणाचं ना कुणाचं पीठ जात्याच्या दगडी पाळ्यांत आणि खालच्या कापडी बाहीत अडकलेलं असे. ते निघावं म्हणून शेवटी कुणाचे तरी गहू घालावे लागत. इतर बाया त्यावरून भांडायच्या, बाजरीनंतर माझे गहू घालशील तर याद राख म्हणायच्या. दुर्गाबाई मात्र मुद्दाम शेवटी यायच्या, कारण रांग नसे. धोंडीबा पाळी ठोकायचा, बाही झटकायचा, आणि सगळं त्यांच्या डब्यात पडायचं.

"मी म्हणलं व्हतं राव त्यास्नी, पैलं दोन किलो बाजूला काढतो. न्हाई म्हणल्या."

"का?"

धोंडीबाने मान खाजवली. "म्हणल्या, असू द्या. ह्यांना काय कळतंय."

हिंदुराव पोत्यावर बसले. मग ते हसायला लागले, आणि इतके हसले की धोंडीबाने घाबरून गिरणी बंद केली. पौषानंतर ते पहिल्यांदाच हसत होते.

ही हकिकत त्यांनी फक्त सोपानरावांना सांगितली. सोपानराव शास्त्रीय वृत्तीचे, त्यांनी ती सगळ्यांना सांगितली.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी धोंडीबाच्या दारात बावीस डबे होते आणि एकही जागचा हलत नव्हता. "तुम्ही व्हा पुढं," "नको, तुमची घाई असेल," असा सभ्यपणा त्या गिरणीने कधी पाहिला नव्हता. नवीन कुणी आलं की सोपानराव आपला डबा उचलून त्याच्यामागे नेऊन ठेवत. धोंडीबाने एकेक झाकण उघडून पाहिलं.

"समदा गहूच," तो म्हणाला. "आठवडाभर ज्वारी-बाजरी कुणीच आणली न्हाई. मग शेवटच्याला काय घावनार, माजा घाम?"

हिंदुरावांनी आपला गव्हाचा डबा भिंतीकडेला सरकवला, सायकलवर घरी गेले आणि बाजरीचं गाठोडं घेऊन आले.

"घ्या धोंडीबा. पहिला नंबर माझा."

"अहो भावजी, तुम्ही शेवटी थांबायला हवं," कौशल्याबाई म्हणाल्या. "पाव तुमचा."

"कुणीतरी आधी दळल्याशिवाय तिलाही काही मिळत नव्हतं," हिंदुराव म्हणाले.

बाजरी दळून झाली. आता दुसरा नंबर कुणाचा, यावर वाद सुरू झाला, कारण पाळ्यांत अडकलेली सगळी बाजरी त्या एकाच डब्यात जाणार होती. सोपानराव म्हणाले, हिशेबाने सगळ्यांना सारखी वाटू. तो हिशेब पुरा होईतो आठ वाजले आणि धोंडीबाने फळ्या लावल्या.

बाजरीचं पीठ आता हिंदुरावांच्या घरात आहे. भाकरी थापायला कौशल्याबाई शिकवणार आहेत, पण ते अजून जमलेलं नाही. गहूही दळायचे राहिले आहेत.