माझे हात बाहेर आहेत

“तो फादर खिडकीशी भांडतो. आत पानी प्यायला पन येत नाय,” चांदीपची एक बाई दुसरीला सांगत होती.

मी ओटीखाली चपला काढत होते. भांडण मलाही ऐकू येत होतं. आतून मार्था म्हणाली, “फादर, फ्यूज उडालाय.”

“माझे हात बाहेर आहेत. तुझे कुठे आहेत?”

फ्यूज मार्थानेच बसवला. तोवर फादर ह्युगो ओटीवर खुर्ची टाकून, खिडकीच्या गजांतून तिला रागावत राहिले.

फादर परदेशातून आलेले मिशनरी. बायकांना शिकवायला त्यांनी सिस्टरांची नवी संस्था काढायला घेतली होती. चांदीपला एक कौलारू घर, व्रत घ्यायला निघालेल्या, मार्था धरून चार मुली आणि शेतावरून शिकायला येणाऱ्या बायका, एवढाच पसारा. मी आगाशीहून एसटीने जाऊन मुलींना इंग्रजी शिकवायचे. धड्यापलीकडे मी फारसं बोलत नसे.

घरात पुरुषाने यायचं नाही, हा नियम फादरांचाच. “पुरुष आला की बायका उठतात. उभ्याने कोण लिहायला शिकलंय?” म्हणून गणितही ते खिडकीतून शिकवत. ऊन सरकलं की खुर्ची सरके.

एकदा स्वयंपाकघरात धामण शिरली. फादरांनी खिडकीतून विचारलं, “तोंड कुठल्या बाजूला आहे?”

“पाहायला थांबले नाही,” मार्था स्टुलावरून म्हणाली.

“दार उघड. तिलाही बाहेरच यायचंय.”

धामण निघाली ती थेट फादरांच्या खुर्चीखालून. त्यांनी पाय वर घेतले आणि बेरीज पुढे चालू ठेवली.

पुढे बिशपांची मंजुरी आली. चौघींनी व्रतं घेतली, मार्था प्रमुख झाली. आता आपण इथे राहायचं नाही, हेही फादरांनीच ठरवलं. “राहिलो तर फ्यूजसुद्धा मलाच विचारतील.” दुसऱ्या दिवशी सकाळी ते कायमचे निघणार होते.

व्रतांच्या दुपारी घरात मोठं जेवण होतं. फादरांचं ताट नेहमीसारखं ओटीवर दिलं. मी पाणी घेऊन गेले, तर त्यांनी खुर्ची पार खिडकीला चिकटवली होती. आत हशा पिकला. फादरही हसले, जरा उशिरा.

“कशाला हसल्या?” त्यांनी मला हळूच विचारलं.

मला माहीत नव्हतं.

“बरं,” ते म्हणाले आणि भात कालवू लागले. बराच वेळ नुसता कालवत राहिले.

मी आत गेले. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मार्था माझं पान वाढत होती. मी बसले नाही, तशा सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

“ताटं उचला,” मी म्हणाले. “आपण सगळ्या ओटीवर जेवायला बसू.”