अप्पांचा खोकला

माईक माझ्या हातात आला की तालुक्यात दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू येत नाही! लग्न असो, सत्कार असो, निवेदन माझंच. त्यामुळे आमचं जुनं एसटी स्टँड पाडायचं ठरलं तेव्हा त्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचं कामही मीच अंगावर घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, हा भाग वेगळा.

स्टँडचा आवाज म्हणजे आमचे अप्पा कंट्रोलर. आधी ते एकदा खोकायचे आणि मग, "भवानीनगरवरून बारामतीला जाणारी गाडी..." खोकला ऐकला की बाकावरची माणसं पिशव्या उचलायची. गाडीपेक्षा त्या खोकल्यावर लोकांचा विश्वास जास्त होता.

शेवटच्या दिवशी मी रेकॉर्डर लावला. पण आपल्याकडे नुसतं काही होत नाही, शाल-नारळ लागतोच. मंडप आला, माझे मोठे स्पीकर आले. अप्पा खोकले, तेवढ्यात सरपंच आले. पाठोपाठ आजी आणि माजी सभापती आले. एकाचं नाव राहिलं असतं तर त्यानं जन्मभर तोंड फिरवलं असतं. मी सगळ्यांचं यथासांग स्वागत केलं. रेकॉर्डिंग झकास झालं असणार, म्हणून पुन्हा ऐकलंच नाही.

स्टँड पडलं. तिथं आता पत्रे आणि खड्डा आहे. पाठोपाठ अप्पाही गेले. त्यांच्या पत्नी, सिंधुवहिनी, एक दिवस दारात आल्या.

"भाऊजी, फोटो लई हायत घरात. आवाज मातर कुठंच न्हाय. तुमच्याकडं हाय म्हणं?"

मी त्यांना खुर्ची दिली, शेजारपाजारचे बोलावले, दोन शब्द प्रास्ताविकही केलं आणि बटण दाबलं.

खोकला आला. वहिनींनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. आणि मग मी! "आपल्या सर्वांचे लाडके..." पुढे ढकललं, तरी मीच. आणखी पुढे, टाळ्या मागणारा मी. एकदाच कुठेतरी खालून "भवानीनगरवरून..." असं पुसट आलं आणि त्यावर माझा दणदणीत आवाज, "कृपया शांतता राखा, अप्पा बोलत आहेत!" मी गप्प होईपर्यंत अप्पांचं बोलून झालं होतं. शेजारी एकेक करून उठून गेले.

"वहिनी, चुकलं माझं," एवढंच कसंबसं म्हणालो.

त्या रेकॉर्डरकडेच बघत होत्या. "सुरवातीला घ्या जरा."

मी मागे घेतलं. अप्पा खोकले. वहिनी पिशवी घेऊन उभ्या राहिल्या, गाडी फलाटाला लागल्यासारख्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि पुन्हा खाली बसल्या.

"त्येच हायती," त्या म्हणाल्या.

आता दर बाजारच्या दिवशी येतात. चहा घेत नाहीत. मी बटण दाबतो, अप्पा खोकतात, वहिनी डोळे पुसतात.

आणि लगेच म्हणतात, "हां. आता तुमचं बंद करा."