जैसे थे

कोणत्याही वस्तीला इतिहास लाभायचा असेल तर तिथल्या माणसांना आधी निघून जावं लागतं. माणसं राहतात तोवर ती गलिच्छ वस्ती. ती गेली की तोच वारसा.

नदीकाठची आमची रंगपेठ या शिस्तीला धरूनच घडली. नदीने कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना पाणी दिलं, कारखान्यांनी तिला रंग दिला. ज्या रंगाची ऑर्डर, त्या रंगाची नदी. (माशांची तक्रार नव्हती. मासेच नव्हते.) पुढे कारखाने बंद पडले, नदी स्वच्छ झाली. स्वच्छ नदीकडे बघत बसणं कामगारांना झेपणार नाही, हे ओळखून मालकांनी काठावर टॉवर बांधले.

उरली एक बैठी खोली आणि तिच्यात माझी आत्या. उभी हयात रंगखात्यात गेलेली, कोपरापर्यंत निळी. ती खोली वारसा समितीला आवडली. आदेश निघाला: 'सदर खोली जैसे थे ठेवण्यात यावी.'

आत्याने आम्हा सगळ्या भाचरांना चहा पाजला. "जैसे थे! म्हणजे स्टोव्ह तिथेच, खाट तिथेच, खाटेवर मी तिथेच. आता हलवा म्हणावं मला!"

समितीने आदेशाचं व्याकरण तपासलं. 'थे' हा भूतकाळ. ('थे' आपला नसेल, भूतकाळ सगळ्यांचाच असतो.) आत्या अद्याप 'आहे'. सबब ती आदेशात बसत नाही.

"अहो साहेब, मी पण इथेच होते की!"

"होतात ना?" सचिव खूश झाले. "मग झालं तर! आमचंही तेच म्हणणं आहे."

आत्याला शहराच्या पार पलीकडे घर मिळालं. तिने दर वर्षी चुना लावून बुजवलेले भिंतीवरचे डाग तज्ज्ञ बोलावून पुन्हा पाडण्यात आले. समिती मात्र निर्दयी नाही: खोली झाडायच्या कामावर तिने आत्यालाच ठेवलं. अट एकच, खाटेवर बसायचं नाही. खाट ऐतिहासिक आहे.

गेल्या रविवारी आत्याने अट मोडली. दोन बस बदलून आली होती, पाय भरून आले होते, टेकली जरा. तेवढ्यात तिकीट काढून आपण सहकुटुंब आत आलात. आठवतंय? मोबाइल वर धरून आपणच म्हणालात, "ओ मावशी, उठा ना जरा. फोटो ओरिजिनल वाटत नाहीये."

आत्या उठली. फोटो छान आलाय.