गुलाबभाऊंचे मुके भोंगे

फुलसावंगीच्या गुलाबभाऊंनी यवतमाळच्या एसटीत आपले दोन भोंगे खिडकीशी सीटवर बसवले आणि ते स्वतः उभे राहिले. "त्यायले धक्का लागला तं आवाज बिघडते," ते कंडक्टरला म्हणाले. कंडक्टर म्हणाला, "आधी आवाज निघू तर द्या!"

कारण भोंगे मुके होते. गाशा गुंडाळलेल्या एका तंबू सिनेमावाल्याकडून भाऊंनी ते घेतले, तेव्हा अॅम्प्लिफायर दुसऱ्याच कोणी नेला होता. सहा महिने भोंगे अंगणातल्या निंबावर नुसते टांगलेले. लोक जाता-येता कान लावून हसत. भाऊ म्हणत, "जोडीचं मशीन भेटलं का बोलतीन."

मी तिथे शाळामास्तर, आणि त्यांचा शेजारी. दिवाळीच्या सुट्टीत ते मशीन शोधायला त्यांनी भोंग्यांसोबत मलाही यवतमाळला नेलं. "मास्तर, तुमी बोलाचं. मी ऐकतो."

पहिल्या दुकानदाराने एक धूडच पुढे केलं. "याचा आवाज महागावपर्यंत जाईल!"

"महागावले मले काही सांगाचं नाही," भाऊ म्हणाले. त्यांनी यंत्र फिरवून मागचा आकडा भोंग्यावरच्या आकड्याशी ताडला, पत्रिका जुळवावी तसा. "हे त्यायले जाळून टाकीन. लहान दाखवा. माह्या खिशाले झेपन असं."

दुसऱ्या दुकानात तबकडी लागताच त्यांनी हात वर केला. "गाणं नको. गाण्यात सगळंच गोड लागते. मास्तर, बोला!" आणि रस्ता ओलांडून डोळे मिटून उभे राहिले.  मी तोंडपाठ असलेली चौथीची हजेरी म्हणायला लागलो.

"हळू! कानात सांगतल्यावानी!" पलीकडून भाऊ ओरडले.

"अहो, लग्नात काय कुजबुजणार आहात?" दुकानदार वैतागला.

तिसऱ्या दुकानात रंग उडालेलं एक जुनं, लहानसं यंत्र होतं. माझी हजेरी निम्मीही झाली नव्हती, तोच भाऊ धावत आले. "हेच! तुमी बाजूले बसून बोलल्यावानी वाटलं." त्यांचे डोळे ओले होते. मी म्हटलं, धूळ गेली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगे पुन्हा निंबावर टांगले आणि यंत्राला मोटारीची बॅटरी जोडली. गाणं ऐकायला सारी गल्ली गोळा झाली. अंगणात भाऊंची बायको, रुखमाबाई, तूर पाखडत होत्या. एका तापात त्यांना ऐकू येणं फार कमी झालं होतं. त्या घरातून दिवसभर आरडाओरडा ऐकू येई. सुरुवातीला मला वाटे, यांची रोजच भांडणं होतात.

भाऊंनी ओसरीवरून माइक ओठांशी नेला. अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "रुखमे, च्या मांडते का? मास्तरलेही दे."

रुखमाबाईंचे हात सुपात थांबले. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"आज माह्यावर वरडून नाही राह्यले तुमी," त्या म्हणाल्या.

"मी रागानं कधीच वरडत नोतो वं," भाऊ माइकमध्येच बोलले. "तुले ऐकू यावं म्हणून आवाज चढवावं लागे. मंग तोंड रागाचं दिसे."

 रुखमाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "मंग बोला ना आनखी."

साऱ्या गावाशी गप्पा हाणणाऱ्या भाऊंनी सुपाकडे पाहिलं. त्यांनी विचारलं, "तूर कशी हाय औंदा?"

"दाना बारीक हाय," त्या म्हणाल्या.

मग ते दोघं तुरीबद्दलच बोलत बसले. आम्ही एकेक करून आपापल्या घरी निघालो.