पस्तीस बटणं आणि किंचित आग

संकट कितीही मोठं असो, त्याची बातमी योग्य नमुन्यात आली नाही तर ते संकट ग्राह्य धरता येत नाही. हे तत्त्व जगभर पाळलं जातं. पण ते लेखी ठरावात उतरवण्याचा मान जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या आमच्या नदीकाठच्या पाच नंबर वस्तीचा आहे. घरं त्रेचाळीस, विहिरी दोन, मतभेद शून्य. (मतभेद शून्य, कारण आम्हा जावाच्या माणसांत मोठ्यांना कुणी 'नाही' म्हणत नाही. तो शब्द आम्ही पाहुण्यांसाठी राखून ठेवलाय. ते निघायला उठले की 'नाही, नाही, बसा ना' म्हणताना वापरतो.)

सदर अहवाल मी, वेनिंग, वय सोळा, इयत्ता अकरावी, लिहीत आहे. गेल्या वर्षीपर्यंत वस्तीच्या सभेला मी फक्त चहाचं तबक घेऊन जात असे आणि पाठ न दाखवता मागच्या मागे बाहेर पडत असे. आता मी मूल्यमापन समितीची सचिव आहे, आणि हा अहवाल ज्याचं मूल्यमापन झालं त्याच फोनवर, पहारा-चौकीच्या बाकावर बसून टाइप करते आहे. (टाइप करता करता समोर अध्यक्षांच्या छपरावरून थोडा धूर येताना दिसतोय. नोंद घेतली. पुढे जाऊ.)

या चौकीत गेली साठ वर्षं एक केंतोंगान टांगलेला होता. केंतोंगान म्हणजे फणसाच्या लाकडाचा पोकळ ओंडका, पोटात एक लांब चीर, सोबत एक दांडकं. दोन ठोके चोरी, तीन ठोके आग, चार ठोके पूर. ठोकायचं काम कार्सो आजोबांचं. त्याबद्दल त्यांना चौकीत बसायचा हक्क, रोज सकाळी एक ग्लास गोड चहा आणि दोन तळलेली केळी मिळत.

यंदा अध्यक्ष बापाक सुतिक्नो (बापाक म्हणजे आमच्याकडचं 'साहेब', बाईंना इबू) चुलतभावाच्या मुलाच्या लग्नाला गेले. तिथे त्यांच्या टेबलावर बसलेल्या सात जणांनी सात फोन ताटाशेजारी ठेवले होते. सगळे बटणांचे, सगळे कामाच्या माणसांचे. बापाकांनी शेजारी चष्म्याचं घर ठेवलं. परत आल्यावर त्यांनी सभा बोलावली आणि सांगितलं की केंतोंगानमध्ये एक गंभीर त्रुटी आढळली आहे.

"ठोका दिला की तो गेला," बापाक म्हणाले. "कुणी ऐकला, कुणी नाही, काही पुरावा? पोच कुठे येते?"

साठ वर्षांत हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता, त्यामुळे सगळे लाजले.

घरटी एक साधा फोन होताच, पण वस्तीचा अधिकृत म्हणून बटणांचा फोन आणला. उद्योजकांसाठीच्या फोनांच्या रांगेतला, पण त्या रांगेत अगदी शेवटी उभा असलेला. खोक्यावर सूट घातलेला एक गृहस्थ विमानतळावर उभा राहून फोनकडे बघत हसत होता. आमच्या वस्तीत सूट कुणाकडेच नाही, पण कारण नसताना हसणं अध्यक्षांना जमतं, त्यामुळे अर्धी पात्रता होतीच. ठरलं असं: पंधरा दिवस चाचणी. फोन उत्तीर्ण झाला तर केंतोंगान उतरवायचा आणि फोन कायमचा सचिवाकडे. नापास झाला तर दुकानात परत. (या निकालाशी माझा काहीही वैयक्तिक संबंध नव्हता. वर्गातल्या एकतीसपैकी एकोणतीस मुलींकडे बटणांचा फोन होता, आणि तिसावीला वाढदिवसाला मिळणार होता, ही केवळ आकडेवारी आहे.)

सचिवपदी माझी निवड एकमताने झाली, कारण पस्तीस बटणं आहेत आणि प्रत्येक शेंगदाण्याएवढं. बापाकांचा अंगठा एका वेळी चार शेंगदाण्यांवर बसतो. त्यांनी स्वतःचं नाव लिहून पाहिलं तेव्हा शहाऐंशी अक्षरं उमटली आणि त्यात त्यांचं नाव नव्हतं.

मूल्यमापन कसोशीने झालं. पट्ट्याला लावल्यावर फोन रस्त्यापलीकडून दिसतो का? दिसतो. बटणांचा आवाज शेजारच्या खोलीत जातो का? जातो, आणि हे फार महत्त्वाचं, कारण काचेवर बोट फिरवणारा माणूस काम करतोय की केस विंचरतोय ते कळत नाही. बटणांचा माणूस काम करताना ऐकू येतो. भाताच्या पातेल्यात पडल्यावर चालतो का? (ही चाचणी नियोजित नव्हती.) चालतो, फक्त 'न' दोनदा दाबावा लागतो.

तिसऱ्या दिवशी मी पहिला अधिकृत संदेश पाठवला: 'उद्या सहाला गटारसफाई.' वस्तीत हाहाकार झाला. आवाज न होता झाला, आमच्याकडे तसाच होतो. बापाक दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. त्यांच्या पत्नी इबू लास्त्री आमच्या दारात येऊन आईला म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो. थोडकंच बोलते, नाही का?"

आई मान खाली घालून माफी मागत राहिली. इबू गेल्यावर तिने मला विचारलं, "निंग, तीनच शब्द मिळतात का गं त्यात?"

तेव्हा नियम क्रमांक चार आला: प्रत्येक संदेशात प्रारंभी वंदन, मग व्यत्ययाबद्दल क्षमा, मग सर्वांच्या प्रकृतीची विचारपूस, मग विषय, शेवटी पुन्हा क्षमा. आणि इथेच बटणांच्या फोनची थोरवी कळते. काचेच्या फोनवर माणूस आळसाने थेट मुद्द्यावर येतो. पस्तीस खरीखुरी बटणं असली की नम्रतेला कुठेही कात्री लावावी लागत नाही. (धूर अजून आहे. किंचित काळपट.)

बाराव्या दिवशी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात आग लागली.

आई टेम्पेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीच्या, पातळ काचऱ्या तळून विकते. तेल जास्त तापलं, पडदा पेटला, पडद्यावरून कॅलेंडर. आई ओरडली, "निंग, पाणी आण!"

इथे सचिवापुढे धोरणात्मक पेच होता. मी दारात जाऊन ओरडले असते तर बावीस घरांना सहज ऐकू गेलं असतं. माझा आवाज अलीकडे बराच सुधारला आहे. पण मग लोकांना फोनमुळे नव्हे तर माझ्यामुळे कळलं असतं, चाचणी बाद झाली असती आणि फोन दुकानात गेला असता. मी एका हाताने आईला बादली दिली आणि दुसऱ्या हाताने सुरुवात केली:

'आदरणीय बापाक व इबू यांना सविनय वंदन. आपल्या दुपारच्या विश्रांतीत व्यत्यय आणल्याबद्दल हजार वेळा क्षमा असावी. आपण सर्व कुटुंबीयांसह सुखरूप असाल अशी आशा करते. विनंती विशेष अशी की, फार गैरसोय होणार नसल्यास, घर क्रमांक सतराच्या स्वयंपाकघरात किंचित आग लागली असल्याची कृपया दखल घ्यावी. काही कमी-जास्त लिहिलं गेलं असल्यास क्षमस्व.'

"काय करतेयस तू?" आई म्हणाली.

"क्षमस्ववर आलेय. एक मिनिट."

लागलेला वेळ: चार मिनिटं अकरा सेकंद. ('क्षमस्व'मध्ये 'न' नाही म्हणून. एरवी पाच.) पोहोचलेली घरं: त्रेचाळीसपैकी बेचाळीस, कारण त्रेचाळिसावं आमचं. उत्तरं: अडतीस वेळा 'हो', तीन वेळा 'आभारी आहोत', आणि बापाकांकडून 'होगजहो', जे समितीने 'हो' धरलं. मनुष्यबळ: शून्य. आमच्याकडे 'हो' म्हणजे तुमचं बोलणं आदराने ऐकलं. त्यात उठणं येत नाही.

तेवढ्यात तीन ठोके पडले. पुन्हा तीन. पुन्हा तीन. कार्सो आजोबांकडे स्वतःचा फोन नाही, त्यांना वास आला होता. दीड मिनिटात आमच्या अंगणात साठ माणसं आणि चाळीस बादल्या होत्या. वंदन कुणीच केलं नाही. इबू लास्त्रींनी तर मला ढकललंसुद्धा. आग विझली. नुकसान: एक पडदा, नोव्हेंबर-डिसेंबर, आणि आईची अर्धी उजवी भुवई.

अंतिम सभेत सगळे नक्षीचे सदरे घालून आले होते. बापाकांनी दोन्ही साधनांचे निकाल वाचले. फोन: बेचाळीस घरं, बेचाळीस पोच, शंभर टक्के. केंतोंगान: पोच निरंक.

"लोक आले ना पण," कार्सो आजोबा म्हणाले.

"आले, आजोबा, आले. फार सुरेख ठोकलंत. पण लेखी कुठे आहे?"

आजोबांनी हातातल्या दांडक्याकडे पाहिलं, जणू त्यावर काही लिहिलेलं असेल. मग ते म्हणाले, "तीन ठोकायचे होते. तीनच ठोकले."

"कुणाची हरकत?" बापाकांनी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं, दीड भुवईने. वर्षभरापूर्वी मी तबक घेऊन बाहेर गेले असते. आता मला बोलता येत होतं, सगळ्यांदेखत, मोठ्याने, आणि काय बोलायचं तेही मला नेमकं ठाऊक होतं. माझ्या मांडीवर फोन होता. बटणं मऊ झाली होती, माझ्या अंगठ्यांना सरावलेली. मी कार्यवृत्तात लिहिलं: 'हरकत नाही. एकमताने मंजूर.' सभेत बटणांचा आवाज छान ऐकू गेला.

केंतोंगान सध्या बापाकांच्या काचेच्या कपाटात आहे, बॅडमिंटनच्या चषकाशेजारी, खाली विणलेला रुमाल. चहा आणि केळी आता सचिवाला येतात. कार्सो आजोबा सकाळी चौकीसमोरून जातात, रिकाम्या हुकाकडे बघतात आणि मला विचारतात, "काय सचिवबाई, आज कोण कोण हो म्हणालं?" मी एक केळं त्यांना देते. ते 'नाही, नाही' म्हणतात आणि घेतात. आज ते पुतणीकडे गेले आहेत, नदीपलीकडे.

आता त्या धुराबद्दल. तो मघापेक्षा जाड झाला आहे. कपाट त्याच घरात आहे. नियमाप्रमाणे मी संदेश सुरू केला असून कुटुंबीयांच्या प्रकृतीपर्यंत आले आहे.

दरम्यान, एक शेवटचा निष्कर्ष. धुराची बातमी मी सर्वांत आधी तुम्हाला दिली होती, दुसऱ्याच परिच्छेदात, स्पष्ट शब्दांत. मग काळपट झाल्याचंही कळवलं. तुम्ही वाचलंत, मान डोलावलीत आणि पुढे गेलात. कसला धूर, हे एकानेही विचारलं नाही.

तुमचं 'हो' समितीला मिळालं. आभारी आहोत.